खोत मॅडमचा हात बिघडला नव्हता

शोकसभेत मी मान डोलावली. ती डोलावली नसती तर हे लिहायला कदाचित अजूनही बसलो नसतो.

खोत मॅडम गेल्याचं कळल्यावर आमच्या जुन्या संस्थेने पनवेलला एक छोटी सभा ठेवली होती. आम्ही काही निवृत्त माणसं, त्यांचे जुने विद्यार्थी आणि आखातातून आलेला त्यांचा भाऊ, एवढेच लोक होते. संस्थेचे सध्याचे संचालक बोलायला उभे राहिले. ते मॅडमच्या हाताखालीच शिकलेले. म्हणाले, "मॅडमच्या संशोधनात एकदा मोठी चूक झाली होती. जुन्या लोकांना आठवत असेल. पण ती त्यांनी ज्या मोकळेपणाने कबूल केली, स्वतःचा शोधनिबंध स्वतः मागे घेतला, तसं करणारा माणूस मी नंतर पाहिला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडमचा एकेकाळचा विभागप्रमुख म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मीही डोलावली.

चूक मॅडमची नव्हती. ती कोणाची होती हे मला ठाऊक आहे, आणि ते लिहून देण्याचं काम माझ्याकडे बरीच वर्षं पडून आहे. पण मॅडम कशा होत्या हे आधी सांगितल्याशिवाय ती चूक केवढी होती ते कळायचं नाही.

डॉ. सफिया खोत आमच्याकडे आल्या तेव्हा पस्तिशीच्या असतील. आमची संस्था पनवेलच्या बाहेर, मेंदूतल्या रसायनांवर काम करणारी, लहानशी. मॅडम पनवेलच्याच मोहल्ल्यात वाढलेल्या. वडिलांचं छत्र्या आणि टॉर्चचं दुकान होतं. लग्न केलं नव्हतं, घरी त्या आणि अम्मी. बुटक्या, चालणं भरभर. सलवार-कमीजखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, ओढणी कमरेला खोचलेली आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. मी एकदा विचारलं, "असं उलटं का घालता?" म्हणाल्या, "हातात पिपेट असते, सर. वेळ बघायला हात वळवला की थेंब पडतो."

आडनावामुळे गमती होत. आल्या त्याच वर्षी संक्रांतीला आमच्या वसाहतीतल्या एका बाईंनी "खोत मॅडम" एवढंच ऐकून त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं धाडलं. दारात उभ्या राहिल्यावर त्या बाई गोंधळल्या असाव्यात. मॅडम मात्र आत गेल्या, तिळगूळ खाल्ला, उखाणे ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एक प्लास्टिकची गाळणी घेऊन आल्या. "वाण मिळालंय. लॅबला लागेल." ती गाळणी पुढे कित्येक वर्षं आमच्या टेबलावर होती.

त्यांचं एक पालुपद होतं. कुणी काहीही छातीठोकपणे सांगितलं की म्हणायच्या, "असं म्हणतात. मी अजून म्हणत नाही." देवगडचा हापूस सगळ्यात गोड? "असं म्हणतात." नवी रेल्वेलाईन पुढच्या वर्षी नक्की? "असं म्हणतात." मोठ्या परदेशी शास्त्रज्ञाचा सिद्धांत असला तरी तेच. स्वतः तीनदा मोजून पाहिल्याशिवाय त्या कशाच्याही बाजूने बोलत नसत. आणि त्यांनी मोजलेलं आम्ही पुन्हा मोजत नसू. आमच्या कामात, स्वयंपाकासारखंच, हाताला महत्त्व असतं. तीच रसायनं, तीच कृती, पण एकाचा प्रयोग जमतो आणि दुसऱ्याचा फसतो. खोत मॅडमच्या हाताला गुण आहे, असं सगळी संस्था म्हणे. यावर मात्र त्या काही बोलत नसत. हाताकडे बघून थोडं हसत.

त्यांचा विषय काय होता ते मी माझ्या शब्दांत सांगण्यापेक्षा त्यांच्याच शब्दांत सांगतो. शनिवारी कॉलेजची मुलंमुली संस्था बघायला येत. मॅडम त्यांना आमच्या लांबट खोलीत उभं करत आणि एखाद्या मुलीला म्हणत, "पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट आहे का? एक दे. लाल असेल तर बरं."

टिकली बोटावर घेऊन त्या सुरू करत. "मज्जापेशीच्या भिंतीला दारं असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. शेजारची पेशी एक रसायन सोडते, ते येऊन दारावर थाप मारतं, दार उघडतं, बाहेरचे क्षाराचे कण आत शिरतात आणि पेशी खडबडून जागी होते. एवढं पुस्तकात आहे. आता मला सांगा, थाप तीच, दार तेच. मग कधी ते किलकिलं उघडतं आणि कधी सताड, असं का?"

कुणी वही चाळू लागे.

"कारण आतल्या बाजूने एक एन्झाइम येतो आणि दाराला टिकली लावतो. फॉस्फेटची. एवढीशी." असं म्हणून त्या खोलीच्या दारावर ती टिकली चिकटवत. "टिकली लागलेलं दार वेगळं वागतं. जास्त उघडतं."

त्या एन्झाइमला त्यांनी नाव ठेवलं होतं, जागल्या. पूर्वी गावात रात्री पहारा करणारा असायचा तो. "हाक आली की हा उठतो आणि टिकल्या लावत सुटतो. पण गंमत पुढे आहे. एक टिकली तो स्वतःलाही लावून घेतो. ती लागली, की हाक थांबली तरी हा जागाच. हाक मारणारा निघून गेला, गाव झोपलं, हा आपला दारं उघडतोय. आपल्याला एखादी गोष्ट वर्षानुवर्षं आठवते ती याच्यामुळे."

"खरंच, मॅडम?"

"असं म्हणतात. मी अजून म्हणत नाही. तेच बघतेय."

टिकली पुसणारा एन्झाइमही असतो. त्याला त्या 'फडकं' म्हणत. जागल्या लावतो, फडकं पुसतं, हे डोक्यात सतत चालू. "प्राणी मेला की जागल्या लवकर झोपतो. फडकं मात्र पुसत राहतं. त्याला फक्त थंडी थांबवते. मेंदू लगेच गोठवला तर टिकल्या जागेवर राहतात. जरा गरम झाला की गेल्या. वरून बघाल तर मेंदू तसाच दिसतो, आत सगळं पुसलेलं."

मेंदू बकऱ्याचा. तो मुश्ताकभाईच्या दुकानातून यायचा. जुन्या बाजारातला हा खाटीक मॅडमना लहानपणापासून ओळखत होता. सकाळी मॅडम स्कूटरवर बर्फाची पेटी बांधून जात आणि दुकानात मनगट उलटं धरून उभ्या राहत. मुश्ताकभाई वैतागे. एकदा मी सोबत होतो. मला म्हणाला, "साहब, लोक येतात, म्हणतात भेजा ताजा आहे का. ही एकटी बाई आहे जी म्हणते, मुश्ताकभाई, तुमचा हात आज सावकाश चाललाय. बकरा माझा, सुरी माझी, आणि घड्याळ हिचं!"

"तुमच्याकडून घेतेय तेच उपकार समजा," मॅडम म्हणाल्या. "दुसरा कुणी असता तर मी स्वतः सुरी मागितली असती."

"या अल्ला! ऐकलं, साहब? डॉक्टरीण झाली तरी मोहल्ल्याची पोर ती पोरच!"

आणलेले मेंदू छोट्या छोट्या नळ्यांत भरून आमच्या मोठ्या फ्रीजरमध्ये जात. तो उणे सत्तर अंशांवर चाले. त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंग असे. जनरेटर होता म्हणून निभत होतं. एका मे महिन्यात वीज गेली ती गेलीच, आणि जनरेटरनेही मान टाकली. पनवेलचे बर्फवालेही वीज नाही म्हणून हात वर करून बसलेले. मॅडमनी घरून अम्मीच्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या मागवल्या आणि फ्रीजरला गुंडाळल्या. मग मुश्ताकभाईचा टेम्पो काढायला लावून थेट करंजा गाठलं. तिथल्या बंदरावर बोटींसाठी बर्फाचा साठा असतो. जाडं मीठ घातलेला बर्फ बराच थंड होतो, वेळ आली तर तो आत ठेवता येईल, असा हिशेब.

बंदरावर मासळी घेऊन बसलेली एक कोळीण यांचा बर्फ बघून म्हणाली, "बाय, बर्फ नेतंस, म्हावरा कुठं हाय?"

"म्हावरं नाही, मावशी. भेजा आहे. तापू नये म्हणून."

"मंग डोक्यावर ठेव की गो!"

हा किस्सा मॅडम स्वतःच हसत सांगत. बर्फ आला, पण त्यांनी तो आत ठेवू दिला नाही. दिवसभर फ्रीजरसमोर स्टूल टाकून बाहेरच्या काट्याकडे बघत बसल्या. कुणी जवळ आलं की म्हणत, "दार उघडायचं नाही. दार न उघडणं हाच खरा बर्फ." संध्याकाळी वीज आली तेव्हा काटा घाबरण्याइतका चढलाच नव्हता. त्या बर्फाचं आम्ही लिंबू सरबत केलं. त्याला कोलंबीचा वास होता. मॅडमनी दोन ग्लास घेतले. दुसऱ्या दिवशी फ्रीजरच्या दारावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात कागद लागला : "उघडण्याआधी मला विचारा. मी नसेन तर उघडू नका."

मी शाकाहारी. जन्मानेही आणि सवयीनेही. मॅडमना ते ठाऊक होतं. ईदला शीरखुर्म्याचा मोठा डबा आला की त्याबरोबर एक छोटा वेगळा डबा असे. "हा सरांचा. आमच्या भांड्यातला नाही, नवीन पातेल्यात केलाय. चमचासुद्धा वेगळा." मी काही मागितलं नव्हतं. त्या इतकं लक्षात ठेवत, आणि मी त्या मोठ्या फ्रीजरजवळून जाताना नाक जरा आखडूनच जात असे. प्रयोगशाळेत मांस असणारच, हे मला कळत होतं. कळणं आणि सवय होणं वेगळं.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असे. सूक्ष्मदर्शकाला झेंडू, तराजूला हळदीकुंकू, गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजला हार. मॅडम दरवर्षी असत. हार बांधणाऱ्याला सांगत, "तिथे नको, फिरताना उडेल, इथे बांध." मोठ्या फ्रीजरला बाहेरून फूल लागे, कुणी काही विचारत नसे.

एका वर्षी अम्मींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून मॅडम रजेवर होत्या. आणि त्याच वर्षी मी उत्साहाने गुरुजींना बोलावून रीतसर पूजा ठरवली. निवृत्ती जवळ आली होती, तेव्हाचे संचालक येणार होते. चौरंग मांडायला मोकळी जागा नेमकी फ्रीजरच्या पुढ्यात होती.

म्हात्रे आमचे प्रयोगशाळा परिचर. जवळच्याच गावचे, माझ्याच वयाचे. चौरंग ठेवता ठेवता ते थांबले. "साहेब, आत बकऱ्याचा भेजा हाय. तुमी पूजा हितंच मांडनार?"

गुरुजी काही बोलले नव्हते. म्हात्र्यांनीही फक्त विचारलं होतं. चौरंग दोन हात सरकवला असता तरी चाललं असतं. पण मला एकदम वाटलं, आज तरी ते तिथे नको. मी म्हणालो, "नळ्या बाहेर काढा. थर्मोकोलच्या पेटीत बर्फ घालून मागच्या व्हरांड्यात ठेवा. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

"मॅडमनी लिवलंय, उघडू नका."

"मी सांगतोय ना."

साध्या बर्फाने ते भागत नाही, हे मला ठाऊक होतं. तोच विषय मी आयुष्यभर शिकवला होता. नळ्या गेल्या. मी स्वतः फ्रीजरच्या दारावर कुंकवाचं बोट उमटवलं. ते मॅडमच्या कागदावरही थोडं लागलं.

संचालक हायवेच्या गर्दीत अडकले. गुरुजी थांबले. मग पूजा, आरती, प्रसाद, फोटो. सगळं आवरून मी व्हरांड्यात गेलो तेव्हा पेटीत बर्फाचं पाणी झालं होतं आणि नळ्या त्यात तरंगत होत्या. एक उचलून बोटांनी दाबली. मऊ होती. पाणी पुसून मी त्या जागच्या जागी लावल्या आणि दार बंद केलं.

म्हात्रे मागे उभे होते. "साहेब, मॅडमना मी सांगू का?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

या नळ्या कोणत्या होत्या, तेही सांगायला हवं. जागल्या जितका जागा तितकं दार जास्त उघडतं, हे मॅडमनी आधीच्या नमुन्यांवर दाखवलं होतं. शोधनिबंध परदेशी नियतकालिकाकडे गेला होता आणि त्यांनी कळवलं होतं, नव्या नमुन्यांवर पुन्हा करून दाखवा. त्यासाठी सगळा पावसाळा मॅडम मुश्ताकभाईच्या दुकानात उभ्या राहिल्या होत्या. टिकल्या मोजायला लागणारं महागडं रसायन बाहेरून मागवलं होतं, ते या नळ्यांपुरतंच होतं. दिवाळीनंतर मोजायला सुरुवात करायची होती.

रजेवरून आल्यावर दारावरचं कुंकू बघून मॅडम मोठ्याने हसल्या. "अरे वा! माझ्या फ्रीजरलाही हळदीकुंकवाचं बोलावणं!" तेव्हा सांगायचं होतं. खोलीत चारजण होते. मी म्हटलं, नंतर सांगू. पुढच्या आठवड्यात म्हात्र्यांनी विचारलं, "सांगितलंत ना मॅडमना?" मी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "मंग बरं."

दिवाळीनंतर मॅडमनी मोजलं. टिकल्या नव्हत्या. दार जेमतेम किलकिलं. पुन्हा मोजलं, तेच. त्यांनी क्षार बदलले, पाणी बदललं, पिपेट तपासून घेतल्या. एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "सर, मी नव्हते तेव्हा फ्रीजर कधी बंद पडला होता का?"

"नाही," मी म्हणालो. फ्रीजर बंद पडला नव्हता, हे खरंच होतं. त्या उत्तराचा मला तेव्हा आधार वाटला. आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

मग संशय मुश्ताकभाईवर. मॅडमनी दुकानात जाऊन त्याला चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं की तुम्ही वेळ लावलात, तुमच्यामुळे माझं वर्ष गेलं. तो हसला नाही. म्हणाला, "पोरी, तू घड्याळ धरून उभी होतीस ना?" त्यानंतर मॅडमनी दुसऱ्या कुणालाही दोष दिला नाही.

रसायन संपलं. मार्चअखेर प्रकल्प संपणार होता. मुदतवाढ मिळू शकत होती. विभागप्रमुखाने एवढंच लिहायचं होतं, की नमुने साठवणीत खराब झाले. तसं लिहिलं असतं तर कसे, कधी, कोणी, हे प्रश्न आले असते, आणि ज्याने सगळ्यांना थंडीचे धडे दिले त्यानेच पूजेसाठी दार उघडलं हे बाहेर आलं असतं. मी लिहिलं नाही.

मॅडम माझ्या टेबलासमोर आल्या, बसल्या नाहीत. "सर, निबंध मागे घेतेय. दुसऱ्या खेपेला येत नाही म्हणजे पहिल्या खेपेला माझंच काही चुकलं असणार." मग दोन्ही हात पुढे धरून बघितले. "हात बिघडला माझा."

यावेळी "असं म्हणतात" नव्हतं. त्यांनी पाठवायचा मजकूर माझ्यापुढे ठेवला आणि मी त्याच्याखाली सही केली.

त्यांचा करार पुढे वाढला नाही. त्या भांडल्या नाहीत. जाताना सगळ्यांना फणसाची सांदणं खाऊ घातली. मला वेगळा डबा होता.

मी निवृत्त झालो. बरीच वर्षं मध्ये गेली. एकदा कामोठ्यात दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. बाहेर आलो तर समोरच्या झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीला पाटी : खोत बायोलॉजी क्लासेस, अकरावी-बारावी. मी रस्ता ओलांडला आणि जिना चढलो. का चढलो ते सांगता येत नाही. हाक थांबली तरी जागा राहणारा तो असाच असणार.

वर्गाचं दार आत उघडून भिंतीला टेकवलेलं होतं. केस पांढरे झालेल्या, बूट तेच, घड्याळ उलटं. दाराच्या फळीवर लाल टिकली. मला बघून त्यांच्या डोळ्यांत ओळख चमकली, हाताने मागच्या बाकाकडे खूण केली आणि शिकवणं चालूच ठेवलं. मी पोरांच्या मागे जाऊन बसलो.

जागल्या सांगून झाला, फडकं सांगून झालं. मग म्हणाल्या, "यावर मी स्वतः काम केलंय. आणि चुकलेय."

पोरं सावरून बसली. "तुम्ही, मॅडम?"

"हो. पहिल्यांदा आलं, दुसऱ्यांदा आलंच नाही. हात बिघडला होता माझा. कुणी पकडलं नव्हतं, मीच लिहून कळवलं. तेव्हा प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये शेजारच्याचे आकडे ढापायचे नाहीत. काय रे पाटील?"

वर्ग हसला. पाटील लाजला. त्यांच्या बोलण्यात दुःख नव्हतं. त्या न केलेल्या चुकीचा त्यांनी मुलांसाठी धडा करून टाकला होता.

पहिली बॅच सुटली, दुसरी आत शिरू लागली. काहीजण दोन्ही तासांना बसणारे होते, ते जागचे हलले नाहीत. मॅडम जिन्याशी आल्या. "सर! किती बारीक झालात! चहा मागवू?"

"मॅडम, तुमचं चुकलं नव्हतं," मी म्हणालो, आणि जिन्यात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चौरंग, पेटी, संचालकांचा उशीर, मऊ पडलेली नळी.

त्या ऐकत होत्या. पहिला प्रश्न आला, "बाहेर किती वेळ होत्या?"

"दोन तास. जास्तच."

"बर्फ कुठला?"

"कँटीनचा."

"वितळलेला?"

"पाणी झालं होतं."

सवयीने त्यांनी मनगट उलटं केलं, जणू ते दोन तास घड्याळात अजून दिसत होते. ओठ हलत होते. "मग बरोबर आहे. दोन तासांत फडक्याने एकही टिकली ठेवली नसेल. नंतर गोठवून काय उपयोग? म्हणजे पहिल्या खेपेला होतं ते खरं होतं." एकदम त्यांचा चेहरा पस्तिशीतला झाला. माझा दंड धरून म्हणाल्या, "सर, दार उघडत होतं! मी म्हणते! आता मी म्हणते!"

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. हळूहळू दंडावरची पकड सुटली.

"मुश्ताकभाईला मी गिऱ्हाइकांसमोर बोलले, सर. तो गेला आता." त्यांनी ओढणीला हातावरचा खडू पुसला. "इथे पोरांना साधं मिठाचं पाणी करून दाखवायचं असतं ना, तेसुद्धा मी पुन्हा पुन्हा मोजते. माझ्याच हाताने केलेलं."

"मॅडम, मला माफ–"

त्यांनी हात वर केला. "ते राहू दे. मला जिन्यात सांगून काय होणार? निबंध मी लिहून मागे घेतला होता. हेही लिहूनच यायला हवं. ज्यांनी ते वाचलं, ऐकलं, त्या सगळ्यांसाठी."

"लिहितो, मॅडम."

"असं म्हणतात," त्या म्हणाल्या. पुढचं वाक्य मला पाठ होतं, म्हणून त्यांनी ते पूर्ण केलं नसावं.

त्या आत गेल्या. मी तिथेच उभा होतो. फळ्यासमोर उभं राहून त्यांनी डस्टर आपटला. "जे मघाच्या तासाला होते त्यांनी ऐका. मी एक गोष्ट सांगितली, माझा हात बिघडला होता म्हणून. ती खोडा. माझं चुकलं नव्हतं."

कुजबुज झाली. पुढच्या बाकावरची, मघाच्या तासालाही बसलेली एक मुलगी म्हणाली, "मग चूक कुणाची होती, मॅडम?"

मॅडमनी दाराच्या दिशेने बघितलं. माझ्याकडे बघितलं की दाराकडे, ते मला आजही ठरवता येत नाही.

"ते लिहून यायचंय अजून," त्या म्हणाल्या, आणि पुढे येऊन त्यांनी दार लोटलं. मघापासून वर्गाच्या बाजूला दिसणारी ती लाल टिकली दाराबरोबर फिरली आणि माझ्या समोर आली.